साठचे आठ का झाले?
बिनतारी हेडसेटचा आवाज, त्याचे सॉफ्टवेअर आणि आपला कारोबार

मागच्या लग्नसराईच्या तोंडावर सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे मी सॅटिनचे साठ तागे फोनवरून सांगितले होते. पाच दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून माल सोडवून आणला, तर त्यात आठच तागे निघाले. बिल्टी पाहिली, बिल पाहिले, दोन्हीवर आठ. सुरतेला विचारले तेव्हा ते शेठ म्हणाले, ‘‘भाईजान, आपने आठ ही बोला था.’’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांनी आठच ऐकले होते. मीही खोटा नव्हतो, मी साठच बोललो होतो. मधल्या मध्ये कुठेतरी ‘स’ गळाला आणि त्याबरोबर बावन्न तागे गेले. उरलेला माल मागवेपर्यंत ठरलेले शिंपी आणि किरकोळ दुकानदार दुसरीकडून खरेदी करून मोकळे झाले होते.

दुकानात मी संगणकावर बिले करतो आणि संगणकावरूनच व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो. हात मोकळे राहावेत, बोलता बोलता वहीत लिहिता यावे, म्हणून कानाला हेडसेट असतो. हा हेडसेट माझ्या भाच्याचा. तो त्यावर गेम खेळायचा. नवा घेतल्यावर जुना मामाला दिला. आठ तागे समोर आले तेव्हा मी तो उचलून कचऱ्यात टाकायला निघालो होतो. भाच्याने हात धरला. म्हणाला, ‘‘मामू, फेको नक्को. पहले देखेंगे आवाज किधर मरता.’’

त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघांनी बसून जे शोधले ते व्यापारी बांधव आणि कारागीर भाऊ यांच्यापुढे मांडतो. आज जालना शहरात काय किंवा भोकरदन, अंबड, परतूर, मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी काय, असे हेडसेट विकणारी आणि मोबाईल दुरुस्त करणारी दुकाने आहेत. यांत आपली कितीतरी मुले काम करतात. मुले खेळतात, विद्यार्थी शिकवणी ऐकतात, हिशोबनीस दिवसभर फोनवर बोलतात. ‘आवाज येत नाही’ म्हणून आलेला नग दुकानदार परत घेतो किंवा ग्राहक फेकून देतो. त्यातले बरेचसे नग बिघडलेले नसतातच, त्यांची जोडणी चुकलेली असते. ज्याला हा फरक ओळखता येतो त्याचा तोटा वाचतो आणि ग्राहकही टिकतो.

आवाजाची बिल्टी तपासा

सुरतेहून निघालेला माल जालन्यात पोहोचला नाही तर आपण लगेच कोणाला चोर ठरवत नाही. बिल्टी काढतो आणि माल कुठे चढला, कुठे उतरला, कोणत्या गोदामात पडून आहे, हे एकेक ठिकाणी विचारतो. आवाजाचेही तसेच करायचे. तोंडातून निघालेला शब्द आधी माइकमध्ये जातो, तिथून हेडसेटमधल्या चिपमध्ये, मग रेडिओ लहरींवरून संगणकाला लावलेल्या डोंगलमध्ये किंवा ब्लूटूथमध्ये. पुढे तो विंडोजच्या ताब्यात जातो, विंडोज तो व्हॉट्सअ‍ॅपला किंवा गेमला देते आणि शेवटी इंटरनेटवरून समोरच्याच्या कानात पोहोचतो. यांतल्या कोणत्या ठाण्यावर माल अडला हे आधी ठरवावे, दुरुस्ती नंतर.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. पहिले काम म्हणजे हेडसेट पूर्ण चार्ज आहे का आणि माइकचे बटण बंद तर नाही ना, हे पाहणे. अनेक हेडसेटमध्ये माइकची दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. पुष्कळ ‘बिघाड’ इथेच संपतात.

दुसरे काम, इंटरनेटचा संबंध न ठेवता संगणकातल्या साउंड रेकॉर्डरमध्ये आपलाच आवाज भरून ऐकणे. ध्वनिमुद्रण स्वच्छ असेल तर दोष पुढचा, म्हणजे इंटरनेटचा, त्या अ‍ॅपचा किंवा समोरच्या माणसाच्या फोनचा. ध्वनिमुद्रणच खराब असेल तर दोष आपल्या बाजूचा.

तिसरे काम, तोच हेडसेट दुसऱ्या संगणकाला किंवा मोबाईलला जोडून पाहणे. तिथे नीट चालला तर हेडसेटवर ठपका ठेवू नये.

चौथे काम, हेडसेटला तार लावायची सोय असेल तर तारेने जोडून ऐकणे. तारेवर स्वच्छ आणि बिनतारी खराब, असे असेल तर स्पीकर शाबूत आहे आणि घोटाळा रेडिओत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मात्र काही हेडसेटमध्ये तारेवर फक्त ऐकू येते, माइक चालत नाही; हे आधी माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

एक नियम पक्का ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. मग पुढचा ग्राहक आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बिनतारी दोन प्रकारचे

पुष्कळांचा समज असतो की बिनतारी म्हणजे ब्लूटूथ. गेमसाठी बनवलेल्या हेडसेटमध्ये बहुधा वेगळी व्यवस्था असते. त्याच्यासोबत अंगठ्याएवढा डोंगल येतो, तो संगणकाच्या यूएसबी खाचेत लावायचा. हा डोंगल आणि हेडसेट कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. काही हेडसेटमध्ये डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असतात. माझा त्यातलाच. डोंगल भाच्याच्या घरी टेबलाच्या खणात राहिला होता, म्हणून मी तो ब्लूटूथवर चालवत होतो. इथेच पहिली गोम होती.

ब्लूटूथचे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून पडले. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या कंपन्यांनी एकत्र येऊन त्यासाठी संघ स्थापन केला. कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू शकावे हा हेतू होता, आणि तो साधला. पण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. एक गाण्यासाठी. तो एकाच दिशेने, संगणकाकडून कानाकडे जातो आणि त्याचा दर्जा चांगला असतो. दुसरा संभाषणासाठी. तो दोन्ही दिशांनी चालतो, पण त्याची रुंदी कमी असते. माइक सुरू झाला की संगणक पहिला मार्ग सोडून दुसऱ्यावर येतो.

म्हणूनच मुलांची ती नेहमीची तक्रार असते: ‘गाणे झकास वाजते, पण गेममध्ये मित्रांशी बोलायला गेलो की सगळा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.’ असा नग घेऊन ग्राहक आला तर स्पीकर बदलायला घेऊ नये. उपाय दोन आहेत. डोंगल असेल तर तो वापरावा. नसेल तर ऐकण्यासाठी हेडसेट ठेवावा आणि बोलण्यासाठी संगणकाचा किंवा तारेचा दुसरा माइक निवडावा, म्हणजे ब्लूटूथ गाण्याच्या मार्गावरच राहते. ब्लूटूथ एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच दूर झाली आहे. तिचे नियम २०२२ मध्ये पूर्ण झाले. पण तिचा फायदा संगणक आणि हेडसेट या दोघांतही ती सोय असेल तरच मिळतो.

गेम खेळणाऱ्यांना ब्लूटूथचा आणखी एक त्रास होतो. आवाज चित्राच्या मागे राहतो. हा उशीर दीड-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. गाणे ऐकताना तो कळत नाही, पण खेळात समोरच्याच्या पावलांचा आवाज तेवढ्या उशिराने आला तर डाव जातो. डोंगलमध्ये हा उशीर पुष्कळ कमी असतो.

‘स’ कुठे जातो?

आता साठचे आठ कसे झाले ते पाहू. संगणक आवाज साठवतो तो नमुने घेऊन. संभाषणाच्या जुन्या ब्लूटूथ पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. जितके नमुने, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने पकडता येतात, असा यातला नियम आहे. म्हणजे ८,००० नमुन्यांत ४,००० कंपनांपर्यंतचाच आवाज पुढे जातो. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर याच्या बरेच खाली असतात, ते सुखरूप पोहोचतात. पण ‘स’ म्हणजे दातांतून निघालेली हवेची शीळ. तिचा बहुतेक जोर ४,००० कंपनांच्या वर असतो. मार्ग अरुंद झाला की तीच आधी कापली जाते. ‘साठ’मधला ‘आठ’ पोहोचतो, ‘स’ मागे राहतो.

एवढ्याने ‘स’ पुरता गेला नसता, नुसता पुसट झाला असता. दुसरी गोम सॉफ्टवेअरमध्ये होती. गेमच्या हेडसेटसोबत कंपनी एक सॉफ्टवेअर देते. लॉजिटेकचे जी हब, रेझरचे सिनॅप्स, स्टीलसीरीजचे जीजी, हायपरएक्सचे एनजेन्यूइटी ही त्यातली माहितीतली नावे. अशा सॉफ्टवेअरमध्ये बहुधा ‘नॉइज गेट’ नावाची सोय असते. तिला दारावरचा चौकीदार समजा. मोठा आवाज आला की दार उघडतो, बारीक आवाज आला की बंद ठेवतो, म्हणजे पंख्याची घरघर समोरच्याला ऐकू जात नाही. भाच्याच्या खोलीत छताचा पंखा जोरात फिरतो म्हणून त्याने चौकीदार फार कडक करून ठेवला होता. ती सेटिंग हेडसेटच्याच स्मरणात बसून माझ्याकडे आली. शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ बारीक असतो. चौकीदार त्याला अडवतो, ‘आ’ आल्यावर दार उघडतो. तोवर साठचे आठ झालेले असतात.

आम्ही आमचा नियम पाळला. आधी ब्लूटूथ तसेच ठेवून फक्त नॉइज गेट सैल केला. ध्वनिमुद्रणात ‘स’ आला, पण पुसट. मग भाच्याने डोंगल आणून लावला. साठ, सात, सतरा, सत्तर, साडेसहा, सगळे शब्द भरून ऐकले, एकूण एक स्वच्छ. तेव्हा लक्षात आले की नुसता डोंगल बदलला असता किंवा नुसता गेट सैल केला असता तर निम्माच दोष गेला असता.

माइकची जागाही पाहावी. तो तोंडाच्या अगदी समोर नको, श्वासाची फुंकर लागते. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर, थोडा बाजूला असावा. नॉइज गेट पूर्ण बंद करण्याची गरज नाही. ‘साठ’ पुरा ऐकू येईपर्यंत सैल करावा. मागे पंख्याचा थोडा आवाज राहिला तरी चालेल, आकडा चुकता कामा नये.

आवाज तुटतो, अडखळतो

ही तक्रार रेडिओची असते. आपल्या देशात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी २००५ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा झाला. वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस आणि हेडसेटचे बहुतेक डोंगल याच पट्ट्यात काम करतात. मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच तापते. बाजाराच्या दिवशी अरुंद गल्लीत हातगाड्या, रिक्षा आणि बैलगाड्या एकदम आल्या तर जे होते तेच इथे होते. जुने ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करून सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलत चालते, तरी गर्दी फार झाली की अडखळतेच.

उपाय साधे आहेत. वाय-फायच्या यंत्रात ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर संगणक आणि मोबाईल त्यावर न्यावेत, म्हणजे खालचा पट्टा मोकळा होतो. डोंगल संगणकाच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून लावू नये. आपल्या दुकानात लोखंडी रॅक, लोखंडी कपाट आणि शटर असते. लोखंड या लहरी अडवते. माणसाचे शरीरही अडवते.

आणखी एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. यूएसबी ३ ची खाच आणि तिला लावलेली हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करते. खुद्द इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर निबंध काढून हे दाखवून दिले. या खाचा बहुधा आतून निळ्या असतात. डोंगल तिथून काढून काळ्या, जुन्या खाचेत लावावा, किंवा एक-दोन हात लांबीची यूएसबी वाढीव तार घेऊन डोंगल टेबलावर, हेडसेटच्या नजरेसमोर आणावा. अनेकदा नवा हेडसेट घेण्याची वेळ या एका तारेवर टळते.

संगणक आवाज भलतीकडे पाठवतो

विंडोजचे अपडेट झाले, नवा मॉनिटर किंवा टीव्ही तारेने जोडला, की विंडोज कधी कधी आवाज तिकडे वळवते. ‘काल चालत होता, आज बंद’ या तक्रारीचे हे मोठे कारण. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात साउंड उघडावे. आवाज कुठे जाणार आणि कुठून येणार या दोन्ही ठिकाणी हेडसेटचे नाव निवडलेले असावे. काही हेडसेट तिथे दोन नावांनी दिसतात, एक गेमसाठी आणि एक बोलण्यासाठी. बोलण्याचे नाव चुकून गेमला दिले तर आवाज किरटा येतो. एवढे करूनही भागले नाही तर व्हॉट्सअ‍ॅप, झूम, डिस्कॉर्ड किंवा गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पाहावे. तिथे जुनेच यंत्र निवडलेले राहते आणि विंडोजचे त्यापुढे चालत नाही.

माइक दिसतो पण बोललेले जात नाही, अशा वेळी प्रायव्हसीच्या भागात मायक्रोफोनची परवानगी त्या अ‍ॅपला दिली आहे का ते तपासावे. फोन आला की गेमचा किंवा गाण्याचा आवाज एकदम दबतो, ही तक्रारही असते. तो बिघाड नाही. विंडोज कॉलच्या वेळी बाकीचा आवाज ८० टक्के कमी करते. साउंडच्या जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स या भागात ‘डू नथिंग’ निवडले की हे थांबते.

आणि संगणक ‘शट डाउन’ करून पुन्हा लावणे म्हणजे नवी सुरुवात नव्हे. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल तर जुन्या गोष्टी साठवून ठेवल्या जातात. म्हणून अशा वेळी ‘रीस्टार्ट’च करावे.

कंपनीचे सॉफ्टवेअर अडून बसते

सॉफ्टवेअर उघडत नाही, नुसते चक्र फिरते, किंवा उघडते पण हेडसेट ओळखत नाही, या तक्रारी सगळ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कधी ना कधी येतात. पहिल्यांदा डोंगल काढावा. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरचे चालू असलेले सगळे भाग बंद करावेत, कारण खिडकी बंद केली तरी ते आत चालूच राहते. संगणक रीस्टार्ट करावा, डोंगल थेट संगणकाला लावावा, मध्ये हब नको. तरीही अडले तर सॉफ्टवेअर पूर्ण काढून नव्याने टाकावे. ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधल्यावर वर दिसलेल्या कोणत्याही दुव्यावरून घेतले तर सॉफ्टवेअरसोबत नको ते पाहुणे दुकानाच्या संगणकात येतात, आणि त्याच संगणकात आपली बिले आणि बँकेचे व्यवहार असतात. माऊस एका कंपनीचा, हेडसेट दुसऱ्याचा, म्हणून दोन सॉफ्टवेअरे एकदम चालत असतील तर एक बंद करून पाहावे.

सॉफ्टवेअरमध्ये शिरल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. माइकचा जोर आणि नॉइज गेट ही पहिली. आपलाच आवाज आपल्या कानात किती ऐकू यावा, ही दुसरी. पुष्कळ जण याला प्रतिध्वनी समजून तक्रार करतात. किती मिनिटे शांत राहिल्यावर हेडसेट स्वतः बंद व्हावा, ही तिसरी; ‘आपोआप बंद पडतो’ म्हणून आलेला नग बहुधा इथेच दुरुस्त होतो. काही हेडसेट या सेटिंग आपल्या पोटात ठेवतात, काहींत सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच त्या टिकतात. जुना हेडसेट विकत घेताना किंवा देताना आधी तो मूळ स्थितीत आणावा, हा धडा मी बावन्न ताग्यांना घेतला.

फर्मवेअर, म्हणजे हेडसेटच्या चिपमधला कारभार, नवा करायचा असेल तर घाई नको. हेडसेट आणि डोंगल या दोघांचे फर्मवेअर जुळावे लागते. हेडसेट किमान अर्धा चार्ज असावा आणि तारेने जोडावा. ती तार माहिती नेणारी असावी. नुसती वीज नेणाऱ्या स्वस्त तारा असतात, त्यांवर संगणकाला हेडसेट दिसतच नाही. मधेच वीज गेली तर चिप अर्धवट अवस्थेत अडकू शकते, म्हणून इन्व्हर्टर असल्याशिवाय हे काम काढू नये. आणि सगळे नीट चालत असेल तर फक्त नवे आहे म्हणून फर्मवेअर बदलू नये.

धूळ, तंतू आणि ऊन

आमच्या कापडाच्या धंद्यात हवेत बारीक तंतू उडतात. ते चार्जिंगच्या खाचेत आणि माइकच्या छिद्रात जाऊन दाबून बसतात. मग तार अर्धीच आत जाते आणि ‘चार्ज होत नाही’ अशी तक्रार येते. हेडसेट बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने खाच साफ करावी, टाचणी किंवा सुई घालू नये. जालन्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हेडसेट ठेवला तर लिथियमची बॅटरी लवकर मरते. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज करू नये आणि दाबून बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

कानावरच्या गाद्यांचे नकली चामडे घामाने आणि उष्णतेने सोलून निघते. इथे आपल्या शिवणकाम आणि रेक्झीनकाम करणाऱ्या कारागिरांना काम आहे. फोम आणि कापड त्यांच्याजवळ आहेच. मात्र मूळ गादीइतकीच जाडी ठेवावी, कारण जाडी बदलली की कान आणि स्पीकर यांतले अंतर बदलते आणि आवाजातला जडपणा कमी-जास्त होतो.

विकणाऱ्याने काय विचारावे

काउंटरवर तीनच प्रश्न विचारले तरी परतीचे नग कमी होतील. कशाला जोडणार: संगणक, मोबाईल, प्लेस्टेशन की एक्सबॉक्स? नुसते ऐकणार की बोलणारही? यंत्राला डोंगल लावायला कोणती खाच आहे? एक्सबॉक्सची बिनतारी पद्धत वेगळी आहे; प्लेस्टेशन आणि संगणकासाठीचा डोंगल त्यावर चालेलच असे नाही, खोक्यावर एक्सबॉक्सचे नाव पाहूनच द्यावा. डोंगल हरवला तर दुसऱ्या मॉडेलचा बहुधा जुळत नाही, हेही विकतानाच सांगावे.

बिल द्यावे आणि बिलावर अनुक्रमांक लिहावा. बिनतारी हेडफोनना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. खोक्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. नामांकित कंपनीच्या नावाचा नकली माल असेल तर मूळ कंपनीचे सॉफ्टवेअर त्याला बहुधा ओळखत नाही. ठोक माल घेताना एक नग लावून पाहिला तर पुढची नामुष्की टळते. ग्राहकाकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जो दुकानदार आधीच नीट तपासून देतो त्याला या दोन्हींची भीती नाही.

गेम म्हणजे जुगार, म्हणून हा मालच नको, असे म्हणणारेही भेटतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. हेडसेट हे तर साधन आहे. त्याच हेडसेटवर मुलगा अभ्यास ऐकतो आणि मामा सुरतेला माल सांगतो.

शेवटी आकडा

माझ्या वडिलांच्या काळात ट्रंक कॉल होते. त्या तारेवरही ‘स’ धड पोहोचत नसे, कारण टेलिफोनचा मार्ग ३,४०० कंपनांच्या आसपास संपत असे. वडिलांना कंपने माहीत नव्हती, पण ते कधी नुसते ‘साठ’ म्हणत नसत. ‘साठ, छह-शून्य’ असे म्हणत आणि समोरच्याकडून तेच परत वदवून घेत. आम्ही नवी यंत्रे घेतली आणि ती सवय सोडून दिली.

आता हेडसेट डोंगलवर चालतो, नॉइज गेट सैल आहे, डोंगल टेबलावर समोर असतो. सुरतेचे तेच शेठ म्हणतात की तुमचा आवाज आता समोर बसल्यासारखा येतो. तरीही मी प्रत्येक आकडा फोडून सांगतो, त्यांच्या तोंडून परत ऐकतो आणि फोन ठेवल्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो. यंत्र सुधारता येते, ते सुधारावेच. पण ज्या आकड्यावर दुसऱ्याची मजुरी आणि आपली पत अवलंबून आहे, तो एकट्या यंत्राच्या भरवशावर सोडू नये.